कोणी पाहिलं?

मराठी विभागाची नोटीस लागली, ‘लोकशाही आणि आजचा तरुण’ या विषयावर लेख द्या म्हणून, तेव्हा मेसच्या टेबलावर तीन-चार लेख तोंडीच तयार झाले. आधी लिंकनची व्याख्या, मग मतदानाचं पवित्र कर्तव्य, मग ‘तरुण पिढी मोबाईलमध्ये हरवली आहे’ आणि शेवटी युवाशक्ती! सिनियर बॅचचं जर्नल उतरवावं तसं हेही उतरवता येतं. माझी हरकत नाही. पण मला या विषयावर लिहायचं तर साक्री तालुक्यातल्या एका रविवारबद्दल लिहावं लागेल. मी पिंपळनेरकडचा आहे आणि हॉस्टेलला आल्यापासून, गाव सांगितलं की दर दहा जणांत एक तरी पुढचा प्रश्न विचारतोच, "म्हणजे त्या राईनपाड्याकडचा का रे?"

हो, तिकडचाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १ जुलै २०१८. राईनपाडा हे आमच्या तालुक्यातलं आदिवासी गाव, आणि त्या दिवशी तिथला आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही माणसं त्या बाजारात आली होती. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जगण्याचा मार्ग. आमच्या भागात त्याआधी बरेच दिवस मोबाईलवर एकच मेसेज फिरत होता : मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. आलेल्यांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, असं तेव्हा पेपरात आलं होतं. तेवढं पुरलं. लोक जमले. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारलं. पाचही जण मेले. काहींनी त्या मारहाणीचा व्हिडिओ काढला, आणि मग तो व्हिडिओही फॉरवर्ड होत राहिला. टोळी वगैरे काही नव्हतीच.

मी तेव्हा शाळेत होतो. नंतर हे सगळं वाचताना एका गोष्टीपाशी मी दरवेळी अडखळतो, ती म्हणजे ग्रामपंचायतीची खोली. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लोकशाहीची उतरंड असते, वर संसद, मग विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि सगळ्यात खाली ग्रामपंचायत. म्हणजे लोकशाहीचं आपल्या दारापर्यंत आलेलं घर ते हेच. भिंतीवर नेत्यांचे फोटो, कोपऱ्यात झेंड्याची काठी, कपाटात जन्म-मृत्यूची रजिस्टरं. त्या घरात हे घडलं. मतदार यादी होती, सरपंच निवडून आलेला होता, ग्रामसभा कायद्याने होत होती. लोकशाहीचं सगळं सामान जागेवर होतं! तरीही पाच नागरिकांना तिथून जिवंत बाहेर पडता आलं नाही.

आता कोणी म्हणेल, हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न झाला, यात लोकशाही स्वातंत्र्य कुठे आलं? मला वाटतं हा प्रश्नच स्वातंत्र्याचा आहे. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्य आहे हे आपल्याला पाठ असतं, कारण वक्तृत्व स्पर्धेत ते लागतं. त्याच अनुच्छेदात थोडं खाली, (१)(घ) मध्ये, भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क आहे. मंगळवेढ्याचा माणूस साक्रीच्या बाजारात फिरतो तेव्हा तो नेमका हा हक्क वापरत असतो, त्याला त्याचा नंबर माहीत असो वा नसो. आणि त्याच्या पुढचा, २१ वा, जीविताचा. राईनपाड्याला हे दोन्ही हक्क एका दुपारी संपले, आणि ते कुठल्या सरकारने काढून घेतले नव्हते. आपण स्वातंत्र्य म्हटलं की नेहमी सरकारकडे बघतो. त्या दिवशी सरकारचा माणूस पोचायच्या आत शेजाऱ्यांनीच ते काढून घेतलं होतं.

या भटक्या लोकांवरचा संशयही काल-परवाचा नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. म्हणजे पुरावा नको, गुन्हाही नको, अमुक घरात जन्मलास एवढं पुरे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण कायदा रद्द झाला म्हणून नजर रद्द होत नाही. राईनपाड्यानंतर आमच्याकडे चांगली शिकलेली माणसं मला सांगायची की अशा लोकांनी आधी पोलिस स्टेशनला नोंद करायला हवी, मगच गावात शिरावं. म्हणजे मी सुट्टीत मित्राच्या गावाला गेलो तर नोंद करायची नाही, पण डवरी गोसाव्याने करायची! का? या ‘का’चं सरळ उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

मला चीड येते ती मात्र दुसऱ्याच एका वाक्याची. "अरे, अडाणी आदिवासी लोक ते, त्यांना काय कळतं!" हे वाक्य मी इथे, हॉस्टेलमध्येच, इंजिनियर होऊ घातलेल्यांच्या तोंडून ऐकलं आहे. जरा बघा, तो मेसेज कोणी टाईप केला? शुद्ध-अशुद्ध का होईना, मोबाईलवर मराठी-हिंदी लिहिता येणाऱ्याने. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ होता, मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात असा. तो मुळात कराचीमधल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात होती. त्यात शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. आता सांगा, व्हिडिओ एडिटिंग करणारा हा माणूस पाड्यावरचा असेल की आपल्यासारखा? पाड्यावरच्या माणसापर्यंत ती गोष्ट पोचली तेव्हा ती डझनभर शिकलेल्या अंगठ्यांखालून गेलेली होती.

शिकलेला म्हणून कोणी यातून सुटतो असंही नाही. त्याच महिन्यात, १३ जुलै २०१८ ला, बिदर जिल्ह्यात मुरकी गावाजवळ हैदराबादचा एक तरुण मारला गेला. त्याच्याबरोबरच्यांनी शाळेतल्या मुलांना चॉकलेटं वाटली, हे निमित्त. त्यांचे फोटो ग्रुपवर फिरले, पुढच्या गावात रस्ता अडवला गेला. तो तरुण सॉफ्टवेअर इंजिनियर होता! आणि १६ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असे तिघे गेले. पुन्हा तीच अफवा, चोर आलेत, मुलं नेणारे आलेत. मरणारे कधी भटके, कधी इंजिनियर, कधी साधू, तर कधी नुसता ड्रायव्हर. झुंड आधी जात-धर्म-पदवी बघून मग अफवा निवडते असं काही नाही. मेलेला कोण हे कळल्यावर मात्र आपण सगळे आपापल्या सोयीने तापतो किंवा गप्प बसतो, आणि ही आपल्या चर्चांमधली मला सगळ्यात नावडती गोष्ट आहे.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. गॅदरिंगला माईक स्पीकरसमोर गेला की जी कुंईऽऽ सुरू होते, ती कोणी गातो म्हणून होत नाही. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा ॲम्प्लिफायरमध्ये, ॲम्प्लिफायरचा परत स्पीकरमध्ये. लूपचा गेन एकच्या वर गेला की आत कुठलाही सिग्नल नसताना, नुसत्या नॉईजमधून ऑसिलेशन उभं राहतं. आपण परीक्षेत दहा मार्कांसाठी हे लिहितो. मेसेज वाचून पुढे पाठवणारा प्रत्येक जण या लूपमधली एक ॲम्प्लिफायर स्टेज असतो. फिल्टर नाही, फक्त गेन.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली आणि ‘फॉरवर्डेड’ अशी खूणही दाखवायला सुरुवात केली. पाच म्हणजे कमी वाटतात. कॅल्क्युलेटर काढा. एकाने पाचांना, त्या पाचांनी प्रत्येकी पाचांना, असं नऊ पायऱ्या केलं तर पाचचा नववा घात येतो १९ लाख ५३ हजार १२५. २०११ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या होती साडेवीस लाखांच्या आसपास. म्हणजे प्रत्येक पायरीला दहा मिनिटं धरली तर दीड तासात तान्ह्या मुलांसकट जवळपास अख्खा जिल्हा! प्रत्यक्षात तीच ती माणसं परत परत येतात, त्यामुळे एवढं होत नाही हे मान्य. पण त्या पाचांत एखादा ग्रुप असला तर उलट वेगही वाढतो. मुद्दा असा की कंपनीने गेन कमी केला तरी तो एकच्या खाली येत नाही. तो एकच्या खाली आणणं तुमच्या-माझ्या हातात आहे, कारण कुठल्यातरी पायरीवर कोणीतरी ‘पाठवत नाही’ म्हणणं हाच एक फिल्टर या सर्किटमध्ये बसवता येतो.

आता त्याच रात्रीची दुसरी गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत आहे. धुळ्याहून पन्नास-एक किलोमीटरवर मालेगाव. १ जुलैच्याच रात्री तिथे परभणीकडून भिक्षा मागायला आलेल्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं. त्यांच्याबरोबर दोन वर्षांचं मूल होतं. कारण तेच, मुलं पळवणारे. म्हणजे अफवा तीच आणि वेळही तीच, शिवाय संतापलेली माणसंही तितकीच, किंबहुना जास्तच. पण तिथल्या एका स्थानिक तरुणाने त्या लोकांना ओढून आत नेलं, दार लावलं आणि पोलिस येईपर्यंत जमावाला थोपवून धरलं. मग पोलिसांनाही जमावातून वाट काढावी लागली. पण ती माणसं वाचली.

या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून मी बराच विचार केला आहे. दोन्हीकडे राज्य तेच, कायदा तोच, पोलिस दल तेच, मोबाईल कंपन्याही त्याच. फरक शोधायला गेलं तर हाताला लागतो तो एवढाच की एकीकडे कोणीतरी दार लावलं, दुसरीकडे कोणी ते उघडलं नाही. राईनपाड्याच्या बाजारातही मनातून घाबरलेली, ‘हे बरोबर नाही’ असं वाटणारी माणसं असतीलच. शेकडो माणसांत ती नसतील हे मला पटत नाही. पण मनात वाटणं आणि तोंडाने बोलणं यात जे अंतर आहे ना, ते अंतर म्हणजेच सामान्य माणूस आणि नागरिक यांच्यातलं अंतर. नागरिकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात ही व्याख्या नाही, पण मला तरी दुसरी सापडली नाही.

आणि बोलायचं तरी काय? फार काही नाही. माझी आजी शाळेत गेलेली नाही. गावात कोणी काही सनसनाटी बातमी आणली की तिचं एकच ठरलेलं, "कोन सांगस? तू देखं का?" कोण सांगतं, आणि तू स्वतः पाहिलंस का? आपण ज्याला शास्त्रीय दृष्टिकोन, विवेकवाद वगैरे मोठमोठी नावं देतो त्याचा गाभा या दोन अहिराणी प्रश्नांत आहे. माहितीचा उगम काय, आणि निरीक्षण कोणाचं? लॅबमध्ये रीडिंग न घेता ग्राफ काढला तर सर जर्नल फेकतात (किंवा फेकायला हवं!). तोच मुलगा रूमवर येऊन, ना तारीख, ना ठिकाण, ना पोलिस स्टेशनचं नाव असलेला मेसेज ‘जनहितार्थ’ म्हणून चाळीस जणांना पाठवतो. तारीख-ठिकाण नसलेला मेसेज म्हणजे युनिट न लिहिलेलं उत्तर. त्याला मार्क का द्यायचे?

हा प्रश्न विचारणं मात्र सोपं नाही, हेही खरं. सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण करण्याचे प्रकार व्हायचे, अजूनही कधीमधी ऐकू येतात. तिथेही रचना तीच असते : एखादं मूल आजारी पडतं, कोणीतरी बोट दाखवतो, आणि ‘कशावरून?’ विचारणाराच डाकिणीच्या बाजूचा ठरतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते नंदुरबारच्या पाड्यांवर जाऊन हेच विचारत फिरले. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच विचारत होते, आणि २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला गेलेले असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला होता. त्यांच्या खुनानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. खुनाच्या खटल्यात दोघांना जन्मठेप झाली ती १० मे २०२४ ला, म्हणजे जवळपास अकरा वर्षांनी. विचारण्याची किंमत मोजावी लागते ती अशी. त्यामुळे ‘तरुणांनी प्रश्न विचारावेत’ असं स्टेजवरून सहज म्हणणाऱ्यांचं मला जरा नवलच वाटतं.

एक गंमत सांगतो. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी यांचा विकास करणं हे आपल्या घटनेत नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. अनुच्छेद ५१ क (ज). हे कर्तव्य घटनेत कधी आलं? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने. म्हणजे आणीबाणीत! वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप, विरोधी पक्षांचे नेते आणि कार्यकर्ते तुरुंगात, आणि त्याच काळात नागरिकांना सांगितलं गेलं की शोधक बुद्धी ठेवा. शोधायचं काय, जर छापायलाच बंदी असेल तर? कलम चांगलंच आहे, ते राहिलं हे बरंच झालं. पण बुद्धी आणि स्वातंत्र्य यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता येत नाही, हे त्या योगायोगावरून मला नीट कळलं. खरी बातमी बंद झाली की कुजबुज सुरू होते, आणि कुजबुजीला संपादक नसतो.

याची उलट बाजू आज आपल्याला जास्त लागू आहे. अफवा पसरतात म्हणून सरकार काय करतं? जिल्ह्याचं इंटरनेट बंद करतं. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं की अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही आणि असे आदेश जाहीर केले पाहिजेत. तरीही इंटरनेट बंदी हा नेहमीचा उपाय होऊन बसला आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत सरकारने आणखी एक पाऊल टाकलं. मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी, आदेश आल्यास, मेसेज सर्वांत आधी कोणी पाठवला ते शोधून देता आलं पाहिजे असा नियम केला. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यांचं म्हणणं, असं करायचं तर एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन मोडावं लागेल आणि सगळ्यांचाच खाजगीपणा जाईल. कॉम्प्युटरच्या मुलांनी यावर जरूर वाद घालावा. दोन्ही बाजूंना तांत्रिक मुद्दे आहेत. पण माझ्यासारख्याला दिसतं ते असं : आपण चाळीस जणांना न वाचता पाठवतो, त्यातून एखादा राईनपाडा होतो, आणि मग त्याच राईनपाड्याचं नाव घेऊन सगळ्यांचा पत्रव्यवहार उघडा करण्याची मागणी पुढे येते. म्हणजे स्वातंत्र्य आधी झुंड खाते आणि उरलेलं बंदोबस्त खातो. यात नुकसान होतं ते कुठलाही चुकीचा मेसेज कधीच न पाठवलेल्या माणसाचंही.

कायदा काहीच करत नाही असं नाही. १७ जुलै २०१८ ला, म्हणजे राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबद्दल मोठा निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलिस अधीक्षकाच्या दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, खटले लवकर चालवा, संसदेने वेगळ्या गुन्ह्याचा विचार करावा, असं सांगितलं. पुढे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशी अशी तरतूद आली. ही संहिता लागू झाली तो दिवस होता १ जुलै २०२४, राईनपाड्याला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली. मुद्दाम केलेलं नसणार. अफवेवरून झालेला खून ‘अशा कारणांत’ बसतो का, यावर कोर्टात कीस निघेल. निघू दे. पण कायदा, कितीही चांगला असला, तरी खोलीत पोचतो तो पंचनाम्याला.

मग खोलीत आधी कोण पोचणार? याचं उत्तर मला आमच्याच तालुक्यात सापडलं, आणि ज्यांना साक्री म्हटलं की फक्त राईनपाडा आठवतो त्यांनी हे मुद्दाम वाचावं. साक्री तालुक्यातच बारीपाडा नावाचं गाव आहे. तेही आदिवासी, तेही डोंगरातलं. नव्वदच्या दशकात तिथलं जंगल जवळपास संपलं होतं, पाणी आटलं होतं. चैत्राम पवार आणि गावकरी एकत्र बसले. झाड तोडलं तर दंड, पाळीपाळीने राखण, असे नियम त्यांनी स्वतःच केले, स्वतःच पाळले. चारशेहून जास्त हेक्टर जंगल परत उभं राहिलं, विहिरींना पाणी आलं. तिथली रानभाज्यांची स्पर्धा बघायला आता शहरांतून लोक जातात. चैत्रामभाऊंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पेपरात पद्मश्रीची बातमी येते, जंगलाचे फोटो येतात. मला मात्र त्यातल्या बैठकांचं अप्रूप जास्त वाटतं. अशा कामात वर्षानुवर्षं भांडणं झाली असणार. कोणाची लाकडं अडकली असणार, कोणी रुसलं असणार, आणि ‘तूच तोडलंस’ असा आरोप झाल्यावर कोणीतरी विचारलंच असेल, कोणी पाहिलं? ज्या गावाला दंड लावायच्या आधी खरं-खोटं बघायची सवय लागते, त्या गावात बाजारात आलेला अनोळखी माणूस जास्त सुरक्षित असतो, असं मी समजतो. हे मी सिद्ध करू शकत नाही, पण पैज लावायला तयार आहे.

सवय हाच शब्द मला महत्त्वाचा वाटतो. संकटाच्या वेळी एकदम शहाणपण सुचत नाही. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात जे इशारे दिले, त्यांतला एक राजकारणातल्या भक्तीबद्दलचा होता. कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायावर वाहू नका, असा त्याचा मथितार्थ. आपण तो इशारा नेहमी समोरच्या पक्षाच्या नेत्याला लावतो, हे सोयीचं असतं. पण भक्ती फक्त नेत्याची नसते. ग्रुपचीही असते. ‘आपल्या’ ग्रुपवर आलं म्हणजे खरंच असणार, ‘आपला’ माणूस सांगतो म्हणजे विचारायचं काय, ही तीच भक्ती, फक्त मूर्ती लहान.

आमच्या हॉस्टेलचंच बघा. गेल्या वर्षी आमच्या विंगमधून आठवड्यात दोन मोबाईल गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी एक भंगारवाला मागच्या गेटने आत आला आणि विंगच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, ‘चोर सापडला’. पाच मिनिटांत पंचवीस-तीस जण खाली! सगळे चांगल्या घरचे, एकाचीही केटी नसलेलेही त्यात होते. एक-दोन थपडा त्या माणसाला बसल्याच. तेवढ्यात मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या एक मावशी लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या आणि ओरडल्या, "कोन्ही पायलं रे याले चोरी करताना? पायलं असंन त्यानं पुढे या!" कोणी पुढे आलं नाही. अर्ध्या मिनिटात गर्दीचं वर्तुळ सैल झालं, काही जण मोबाईल बघायला लागले, काही जण मेसमध्ये चहाला वळले. मोबाईल शेवटपर्यंत सापडले नाहीत. भंगारवाला नंतर कधी आला नाही. मावशींचा सत्कार वगैरे काही झाला नाही, त्यांना तशी अपेक्षाही नव्हती, संध्याकाळी पोळ्या नेहमीसारख्याच होत्या.

सांगायचं एवढंच की तीस भावी इंजिनियरांना जे सुचलं नाही ते पोळ्या लाटणाऱ्या बाईंना सुचलं, आणि त्यासाठी त्यांना कुठलं कलम माहीत असायची गरज पडली नाही.

या सत्रापासून आमच्या विंगच्या ग्रुपवर आम्ही एक साधा नियम केला आहे. कोणावरही आरोप करणारा किंवा भीती घालणारा मेसेज टाकायचा असेल तर खाली लिहायचं, स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि ऐकलं असेल तर कोणाकडून. सुरुवातीला टिंगल झाली, ‘पुरावा मंडळ’ असं नावही पडलं. काही जण चिडून ग्रुप सोडून गेले, त्यातले दोघे परत आले. रेक्टर सरांनी विचारलं, हा नियम सगळ्या हॉस्टेलला लावायचा का? आम्ही नको म्हटलं. प्रत्येक विंगने आपापल्या मीटिंगमध्ये ठरवावा, नाही ठरवला तर नाही. वरून आलेला नियम पाळायला आपण वाकबगार आहोत आणि मोडायलाही.

आणि एक काम गावाकडे. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात, त्यातली एखादी तरी सुट्टीला जोडून येते. अठरा वर्षं पूर्ण होऊन गावच्या यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद असतो, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? बहुतेक गावांत कोरम भरत नाही आणि तहकूब सभा होते. मी आमच्या ग्रामसेवकांकडे येत्या सभेसाठी लेखी विषय दिला आहे : गावात येणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल शंका आली तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, पोलिस येईपर्यंत त्याला कुठे आणि कोणाच्या जबाबदारीवर बसवायचं. भाऊसाहेब कागद वाचून हसले आणि म्हणाले, "असा विषय आजपर्यंत कोणी दिला नव्हता." पण त्यांनी शिक्का मारून पोच दिली. ती माझ्या फाईलमध्ये आहे.